आयर्लंडचा पश्चिम किनारा: आधी बोट, मग खोली, शेवटी रस्ता

आयर्लंडमध्ये नोकरीला असलेल्या मुलांकडे मे-जूनमध्ये आईवडील येतात, डब्लिन दोन दिवसांत पाहून होते आणि मग ‘समुद्र बघायला’ पश्चिमेकडे जायचे ठरते. इथवर सारे ठीक असते. त्यानंतर नकाशा उघडून सहा दिवसांसाठी सहा गावांतल्या खोल्या धरल्या जातात आणि बोटीचे काय, हा प्रश्न थेट धक्क्यावर पोचल्यावर पडतो. ओळखीच्या बऱ्याच कुटुंबांच्या अशा सहली मी आखून दिल्या आहेत आणि काही फसलेल्याही पाहिल्या आहेत. त्यांतली पहिली फसलेली माझी स्वतःची होती. चूक बहुधा क्रमाची असते. ज्या गोष्टी समुद्राच्या मर्जीवर आणि मोजक्या जागांवर अवलंबून आहेत त्या आधी ठरवाव्यात, मुक्काम त्यांच्याभोवती बसवावा आणि रस्ता सर्वांत शेवटी आखावा. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

## टप्पा १: कागदपत्रे आणि न दिसणारी सीमा

आयर्लंड शेंगेन गटात नाही. त्यामुळे पासपोर्टावर फ्रान्स किंवा जर्मनीचा व्हिसा असला तरी भारतीय नागरिकाला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. अर्ज ‘अव्हॅट्स’ या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, त्याचा सारांश छापून त्यावर सही करायची आणि तो मूळ कागदपत्रांसह अर्ज केंद्रात द्यायचा, अशी पद्धत आहे. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि तो त्या मुदतीच्या सुरुवातीलाच करावा, कारण उन्हाळ्यात निर्णयाला वेळ लागतो. सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, कुठे, किती दिवस आणि कोणाच्या खर्चाने जाणार हे सांगणारे पत्र आणि परत येण्याचे कारण दाखवणारे कागद ही अर्जाची मुख्य अंगे आहेत. निवृत्तांच्या बाबतीत शेवटचा मुद्दा हमखास कच्चा राहतो. पेन्शनचा कागद, घराची कागदपत्रे आणि भारतातल्या कुटुंबाचा तपशील जोडल्यास तो भरून निघतो. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी एकरकमी मोठी रक्कम आलेली असेल, तर ती कुठून आली याचा खुलासा पत्रातच करावा. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचे परत न होणारे तिकीट काढू नये.

आता त्या सीमेविषयी. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे, आणि षट्‌कोनी खांबांचे ते प्रसिद्ध जायंट्स कॉजवे तिथल्या अँट्रिम परगण्यात आहे. डब्लिनहून गाडीने जाताना सीमेवर ना नाका लागतो ना शिपाई दिसतो. फक्त वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागतात आणि दुकानात युरोऐवजी पौंड मागतात. नाका नाही म्हणजे व्हिसा नको, असा अर्थ पुष्कळजण काढतात. तो चुकीचा आहे. भारतीय पासपोर्टावर तिथे जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो, आणि आयर्लंडमध्ये राहण्याचे ओळखपत्र असलेल्या मुलालाही तो लागतो. ब्रिटिश-आयरिश योजनेखाली ज्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असते त्यावर दोन्हीकडे जाता येते, मात्र ज्या देशाने तो दिला तिथे आधी उतरावे लागते. तशी नोंद नसेल तर जायंट्स कॉजवे सरळ यादीतून काढावे. वाटेत बसमध्ये तपासणी होऊ शकते आणि पुढच्या व्हिसा अर्जांवर त्याचा डाग राहतो.

गाडी चालवणाऱ्याने भारतातून निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. पाहुण्याला मूळ भारतीय परवान्यावर आयर्लंडमध्ये गाडी चालवता येते, तरी भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर दोन्ही दाखवले की वाद होत नाही.

तपासा: व्हिसावरचे नाव, पासपोर्टावरचे नाव आणि गाडीचे पैसे ज्या क्रेडिट कार्डावर भरणार त्यावरचे नाव जुळते का? आपल्याकडे वडिलांचे नाव कधी मधे असते, कधी नसते, आणि घोडे नेमके तिथेच अडते.

## टप्पा २: किनाऱ्याचा एकच तुकडा निवडणे

उत्तरेला डोनेगॉल परगण्यातून निघून दक्षिणेला कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत जाणारा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा आखलेला किनारी मार्ग सुमारे २,५०० किलोमीटरचा आहे. भारतात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या हिशेबाने पाहणाऱ्याला हा आकडा सात-आठ दिवसांत जमण्यासारखा वाटतो. किनाऱ्यावरचा रस्ता मात्र अनेक ठिकाणी एका गाडीपुरता असतो, मधोमध गवत उगवलेले असते, दोन्ही बाजूंना दगडी बांध असतात आणि समोरून ट्रॅक्टर आला तर आपल्याला मागे यावे लागते. दिवसभराची सरासरी ताशी ४० किलोमीटर धरावी आणि एका दिवसात १५० किलोमीटरांच्या वर जाऊ नये. नकाशाच्या ॲपने दोन तास सांगितले तर तीन धरावेत, कारण आपण सगळे फोटोसाठी थांबणारच.

आठ-दहा दिवसांसाठी गॉलवेपासून केरीपर्यंतचा तुकडा मला सर्वांत योग्य वाटतो. त्यात कॉनेमाराचे डोंगर, क्लेअरमधले मोहरचे कडे, डिंगल आणि इव्हराह ही केरीची दोन द्वीपकल्पे आणि बोटीने जाता येणारी बेटे सारे येते. डोनेगॉलमधला स्लीव्ह लीगचा कडा सुमारे ६०० मीटर उंच आहे, म्हणजे मोहरच्या २१४ मीटरांच्या जवळजवळ तिप्पट, आणि तिथे गर्दीही कमी असते. परंतु तो या तुकड्याला जोडण्याचा मोह टाळावा. डोनेगॉल ही स्वतंत्र सहल आहे. पुन्हा येणे होणार असेल तर ती राखून ठेवावी.

महिना निवडताना मे, जून आणि सप्टेंबर यांना पसंती द्यावी. जूनमध्ये पश्चिमेला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उशिरा सुरू झालेला दिवसही वाया जात नाही. डिसेंबरात सव्वाचारच्या आसपास अंधारते आणि बोटी, कॅफे आणि ‘बी अँड बी’ म्हणजे घरगुती मुक्कामाच्या जागा यांतले निम्मे बंद असते.

सावध: मे, जून आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी किनाऱ्यावर खोली मिळणे कठीण होते. जुलैच्या शेवटी गॉलवेत घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा असतो. त्या आठवड्यात गॉलवेत मुक्काम ठेवूच नये. १० ते १२ ऑगस्टला केरीतल्या किलऑर्गलिन गावात जत्रा असते आणि तिथल्या रस्त्याची वाहतूक तुंबते.

## टप्पा ३: बोटी, म्हणजे ज्यांच्यावर बाकी सारे ठरते

खोल्यांच्या आधी बोटींच्या तारखा ठराव्यात, आणि त्यांत पहिली तारीख स्केलिग मायकलची असावी. केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर समुद्रातून सरळ वर आलेला हा खडक आहे. माथ्याजवळ मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या आकाराच्या, चुन्याशिवाय रचलेल्या भिक्षूंच्या दगडी कुट्या आहेत. बेटावर उतरण्याचा हंगाम साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो. परवाना असलेल्या बोटी मोजक्या, प्रत्येकीत १२ प्रवासी, म्हणजे दिवसाला दोनशेहून कमी माणसे बेटावर पाय ठेवतात. बहुतेक बोटी पोर्टमॅगी या गावातून सकाळी सुटतात आणि उन्हाळ्याची आरक्षणे कित्येक महिने आधी भरतात. त्यामुळे व्हिसाचा अर्ज करायच्या आधीच स्केलिगची जागा धरावी लागण्याची वेळ येते. रद्द केल्यास पैसे कधीपर्यंत परत मिळतात हे बोटवाल्याला लेखी विचारून घ्यावे.

माझी चूक इथेच झाली. आईवडिलांसाठी पोर्टमॅगीत एकच रात्र धरली होती. सकाळी उठलो तर लख्ख ऊन, बंदरातले पाणी ताटात ओतल्यासारखे शांत. आम्ही बूट घालून धक्क्यावर उभे, आणि बोटवाल्याने शांतपणे सांगितले की आज जाणे नाही. ऊन-पावसाचा त्याच्या निर्णयाशी फारसा संबंध नव्हता. दूर अटलांटिकमध्ये आदल्या दिवशी झालेल्या वादळाची लांब, संथ लाट खडकाच्या पायथ्याशी चार-पाच फूट वरखाली होत असते, आणि बोटीवरून पायरीवर पाऊल टाकताना तेवढे अंतर जीवघेणे ठरते. बंदरातून ती लाट दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बोटी गेल्या. आम्ही तेव्हा कॉर्कच्या वाटेवर होतो.

म्हणून नियम असा की स्केलिगच्या मागे-पुढे मिळून त्याच गावाच्या आसपास तीन रात्री ठेवाव्यात आणि आरक्षण पहिल्या शक्य दिवसाचे घ्यावे. फेरी रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी रिकामी जागा मिळण्याची थोडी तरी आशा राहते.

कोणी जाऊ नये, हेही स्पष्ट लिहिणे भाग आहे. वर चढायला ६१८ दगडी पायऱ्या आहेत, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, बेटावर शौचालय नाही आणि पाऊस आला तर आडोसा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि लहान मुलांना घेऊन आलेल्यांनी बेटाला प्रदक्षिणा घालणाऱ्या फेरीचे तिकीट काढावे. ती बोट धक्क्याला लागत नाही, पण कडे, कुट्यांकडे चढणारी वाट आणि शेजारच्या लिटल स्केलिगवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे बसलेले हजारो गॅनेट पक्षी तिच्यातून नीट दिसतात. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत गेल्यास पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षीही दिसतात.

आरन बेटांचे आरक्षण त्यामानाने सोपे आहे, फक्त बंदर चुकते. वर्षभर चालणारी बोट गॉलवे शहरातून न सुटता तिथून पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवरच्या रॉसाव्हीलहून सुटते आणि इनिश मोर या मोठ्या बेटावर साधारण ४० मिनिटांत पोचते. गॉलवेतून बंदरापर्यंतच्या बसचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. क्लेअरमधल्या डूलिनहूनही बोटी जातात, पण त्या हंगामी असतात. डूलिनला मुक्काम असेल तर सर्वांत जवळच्या इनिश ऑर या लहान बेटावर जावे. ते पायी पाहून होते, आणि परतताना मोहरच्या कड्यांखालून जाणारी बोट मिळते.

तपासा: परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे जातानाच लिहून ठेवावे. बेटावर सायकल भाड्याने घेतलेली माणसे धक्क्याकडे धावताना मी पाहिली आहेत.

## टप्पा ४: मुक्काम

बोटींच्या तारखा पक्क्या झाल्या की मग खोल्या. एका ठिकाणी किमान दोन रात्री, हा नियम मोडू नये. रोज सामान बांधणे आणि उघडणे यात आईवडील समुद्रापेक्षा जास्त थकतात. माझ्या आखणीत गॉलवे दोन रात्री, डूलिन, लाहिंच किंवा बॅलीव्हॉन यांपैकी एका गावात दोन, डिंगलमध्ये दोन आणि इव्हराह द्वीपकल्पावर तीन, अशा नऊ रात्री असतात. इव्हराहसाठी पुष्कळजण किलार्नीत राहतात, कारण हॉटेले तिथे जास्त आहेत. किलार्नी हे तळ्यांचे गाव आहे, समुद्राचे नाही. सकाळच्या स्केलिग बोटीसाठी तिथून दीड तास आधी निघावे लागते. पोर्टमॅगी, कॅहरसिव्हीन किंवा वॉटरव्हिल इथे खोली मिळत असेल तर तीच घ्यावी.

राहण्याचे प्रकार तीन. बी अँड बी म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरातली खोली आणि सकाळचा नाश्ता. बहुतेकांना हाच प्रकार मानवतो, कारण घरमालकीणबाई रस्ता, हवामान आणि बोटवाल्यांचे स्वभाव यांविषयी जे सांगतात ते कुठल्याही ॲपवर मिळत नाही. दुसरा प्रकार स्वयंपाकघरासह मिळणारे घर किंवा कॉटेज. चार-पाच माणसे, लहान मूल किंवा पथ्याचे खाणे असेल तर हाच परवडतो, मात्र उन्हाळ्यात बरीच घरे आठवड्याच्या हिशेबाने, शनिवार ते शनिवार अशी दिली जातात. तिसरा, थोडा हौसेचा प्रकार म्हणजे दीपगृहाच्या रखवालदाराचे जुने घर. क्लेअरमधल्या लूप हेड इथले असे घर आयरिश लँडमार्क ट्रस्ट ही संस्था पाहुण्यांना देते. जवळ दुकान नाही, वारा रात्रभर घोंघावतो. नवख्यांनी पहिल्या सहलीत हा प्रयोग करू नये, असे माझे मत आहे.

खोली धरताना तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. पहिली, पोचण्याची वेळ. बी अँड बीमध्ये स्वागतकक्ष नसतो; घरातली माणसे दुपारी चार ते सहाच्या सुमारास वाट पाहतात आणि उशीर होणार असेल तर फोन अपेक्षित असतो. दुसरी, खोली तळमजल्यावर हवी का, कारण लिफ्ट बहुधा नसते आणि जिने अरुंद असतात. तिसरी, खाणे. ‘फुल आयरिश’ नाश्त्यात डुकराचे सॉसेज आणि रॅशर म्हणजे बेकनचे काप असतात, आणि काळे पुडिंग नावाची जी गोल चकती असते ती रक्त घालून केलेली असते. ‘व्हेजिटेरियन’ एवढेच कळवले तर अंडी, टोमॅटो आणि मशरूम मिळतात, पण ते त्याच तव्यावर परतलेले असू शकतात. वेगळा तवा हवा असेल किंवा अंडेही चालत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ओटची लापशी, सोडा ब्रेड, लोणी-जॅम आणि फळे यांची सोय आनंदाने होते.

रात्रीच्या जेवणाचे गणित वेगळेच आहे. जूनमध्ये नऊ वाजता लख्ख उजेड असतो, म्हणून आपण फिरत राहतो, आणि गावातल्या पबचे स्वयंपाकघर तोवर बंद झालेले असते. पब उघडा दिसला तरी जेवण मिळेलच असे नाही. साडेसातला जेवून पुन्हा सूर्यास्ताला बाहेर पडणे हा इथला खरा क्रम आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना मे ते सप्टेंबरमध्ये रात्री दहानंतर आणि एरवी नऊनंतर पबमध्ये बसू देत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिच्यासाठी मला सकाळी सातला फोन आले आहेत: न्हाणीघरात गरम पाणी येत नाही. बहुतेक वेळा पाणी ठीक असते. छतावरून लोंबणारी दोरी ओढायची राहिलेली असते. विजेच्या शॉवरचे बटण ती दोरी आहे. ओढल्यावर लाल दिवा लागतो.

तपासा: सर्व आरक्षणे रद्द करता येण्याजोगी आहेत का? व्हिसाच्या पत्रात हाच कार्यक्रम द्यायचा असतो, म्हणून खोल्यांची यादी आणि अर्जातल्या तारखा एकमेकींशी जुळवून पाहाव्यात.

## टप्पा ५: गाडी

वाहतूक डावीकडून असल्याने भारतीयाला इथे गाडी चालवणे सोपे जाते, आणि याच सोपेपणामुळे माणूस काउंटरवर गाफील राहतो. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग असतात, त्या आधीच सांगून ठेवाव्यात. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडवली जाते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मूळ विम्यात अपघाताच्या खर्चाचा पहिला मोठा हिस्सा ग्राहकाच्या माथी असतो, आणि टायर, काचा व गाडीचा तळ अनेकदा त्यातून वगळलेले असतात. किनाऱ्यावरच्या दगडी बांधांना घासतो तो नेमका टायर आणि आरसा. जादा विमा घ्यायचा की नाही हे घरी, शांतपणे करार वाचून ठरवावे. रात्रभराच्या प्रवासानंतर काउंटरवर ठरवू नये. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, चाकांचा आणि छताचा व्हिडिओ काढावा.

गाडी लहान घ्यावी. पाच माणसांसाठी सात आसनांची गाडी घेणारे डिंगलमधल्या स्ली हेडच्या वळणावर पस्तावतात.

लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी डब्लिनहून गाडी चालवत निघू नये. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून गॉलवेला रेल्वेने सुमारे अडीच तासांत पोचता येते. गाडी तिथे घ्यावी. त्यामुळे डब्लिनभोवतालच्या एम-५० मार्गाची भानगडही टळते. त्या मार्गावर टोलनाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत टोल स्वतः भरावा लागतो. त्या मार्गाने जायचेच असेल तर टोल भाड्यात धरला आहे का, हे विचारावे.

वेगमर्यादा किलोमीटरमध्ये असतात. द्रुतगती मार्गावर १२०, राष्ट्रीय मार्गांवर साधारण १००, आणि ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर २०२५च्या फेब्रुवारीपासून ८० ऐवजी ६०. पाटीवरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. त्या वळणावर तेवढा वेग शक्य आहे, असे पाटी म्हणत नसते. अरुंद रस्त्यावर समोरच्याने बाजूला थांबून वाट दिली की स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून आभार मानण्याची पद्धत आहे. ती पाळावी.

गेल्टाख्ट म्हणजे आयरिश भाषा बोलणाऱ्या भागात पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. नकाशावर डनक्विन असते आणि पाटीवर ‘डून खीन’, रॉसाव्हीलचेही तसेच. रस्त्यावर रोमन लिपीत ‘गो मॉल’ अशी पाटी दिसली तर पुढे मॉल आहे असे समजू नये. त्याचा अर्थ ‘सावकाश’. जाण्याच्या ठिकाणांची आयरिश नावे आदल्या रात्री कागदावर उतरवून घ्यावीत, कारण डोंगरामागे फोनचे नेटवर्क जाते.

सावध: पंपावर हिरवी नळी सहसा पेट्रोलची आणि काळी डिझेलची असते. तरी झाकणाच्या आत काय लिहिले आहे ते प्रत्येक वेळी पाहावे.

## टप्पा ६: सामान

जूनमध्येही दुपारचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असते. छत्री नेऊ नये. अटलांटिकच्या वाऱ्यात ती पहिल्याच दिवशी उलटते. टोपी असलेले जलरोधक जॅकेट, आत पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि तळाला पकड असलेले बूट पुरेत. विजेच्या उपकरणांसाठी ब्रिटनसारखा तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. घरून खाऊ नेताना एक नियम लक्षात ठेवावा: युरोपीय संघाबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चिवडा, बाकरवडी, भाजणीचे पीठ चालते. पेढे, बर्फी आणि साजूक तुपाची बरणी घरीच ठेवावी.

## टप्पा ७: रस्त्यावरचा क्रम

गॉलवेच्या दुसऱ्या दिवशी कॉनेमारा पाहावा: क्लिफडेनजवळचा स्काय रोड, कायलमोर ॲबी आणि किलरी खाडीचा काठ. रस्त्यावर मेंढ्या बसलेल्या असतात. हॉर्न वाजवला तरी त्या उठत नाहीत, थांबून वाट पाहावी.

तिसऱ्या दिवशी बॅलीव्हॉनकडून ब्लॅक हेडला वळसा घालून डूलिनकडे उतरावे. डावीकडे बरेनचा राखाडी चुनखडीचा पठारी डोंगर आणि उजवीकडे समुद्र, असा हा रस्ता आहे. मोहरच्या कड्यांचे तिकीट आगाऊ ऑनलाइन घेतल्यास स्वस्त पडते आणि त्यात वाहनतळ धरलेला असतो. डब्लिनहून येणाऱ्या बसगाड्या अकरा ते चारच्या दरम्यान तिथे असतात. कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतर त्यांच्यावर ऊन पडते. सकाळी ते काळपट सावलीत असतात. आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून दुसऱ्या दिवसाची चारनंतरची वेळ घ्यावी. धुके असेल तर दोन हातांवरचेही दिसत नाही, आणि जवळच मुक्काम असण्याचा खरा फायदा तेव्हा कळतो.

क्लेअरहून केरीत जाताना लिमरिकला वळसा घालू नये. किलीमरहून टार्बर्टला गाड्या नेणारी फेरीबोट आहे, आपल्याकडच्या दाभोळ-धोपाव्यासारखी, फक्त मोठी. वीस मिनिटांत शॅनन नदी ओलांडता येते आणि सुमारे १३७ किलोमीटर वाचतात. किलीमरहून ती तासाच्या ठोक्याला आणि टार्बर्टहून अर्ध्या तासाला सुटते. उन्हाळ्यात फेऱ्या वाढतात. आरक्षण लागत नाही, पण बोट डोळ्यांसमोर सुटली तर तासभर बसावे लागते.

डिंगलमध्ये स्ली हेडचा सुमारे ४७ किलोमीटरचा फेरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घ्यावा. तसे गेल्यास समुद्र आपल्या डाव्या हाताला राहतो, थांबण्याच्या जागा आपल्याच बाजूला येतात आणि बसगाड्या समोरून येत नाहीत. वाटेत एका ठिकाणी ओढा रस्त्यावरूनच वाहतो. हळू, न थांबता पार करावा. कुमिनूल पुळण आणि डनक्विनचा नागमोडी उतरणारा धक्का इथे वेळ काढावा. बाकी ठिकाणी नाही काढला तरी चालेल. धक्क्याच्या त्या वाटेवर गाडी घालू नये, वळायला जागा नाही.

इव्हराह द्वीपकल्पाभोवतीच्या ‘रिंग ऑफ केरी’ या १७९ किलोमीटरच्या फेऱ्यात मात्र दिशेचा पेच आहे. बसगाड्या किलार्नीहून घड्याळाच्या विरुद्ध दिशेने निघतात. आपणही त्याच दिशेने निघालो तर दिवसभर त्यांच्या मागे, विरुद्ध निघालो तर अरुंद वळणांवर त्यांच्या समोर. पोर्टमॅगीच्या बाजूला मुक्काम असेल तर हा पेच बराचसा सुटतो, कारण बसगाड्या तिथे पोचण्याआधी सकाळचे दोन-तीन तास रस्ता आपला असतो. बॅलिन्स्केलिग्जकडून जाणाऱ्या स्केलिग रिंगवर तर मोठ्या बसगाड्या येतच नाहीत. स्केलिगची बोट रद्द झाली, तर त्या दिवसासाठी हा रस्ता आणि पुलापलीकडचे व्हॅलेंशिया बेट राखून ठेवावे.

## टप्पा ८: कडा, वाळू आणि भरती

रोज सकाळी मेट एरन या हवामानखात्याचा इशारा पाहावा. पिवळा इशारा असेल तर कड्यांवरचे चालणे टाळावे, नारिंगी असेल तर किनाऱ्यावर जाऊ नये, लाल असेल तर घराबाहेर पडू नये. मोहरच्या दगडी फरशांच्या भिंतीपलीकडे पायवाट दिसते, म्हणून ती वापरात आहे असे समजू नये. किनारी पायवाटेचे भाग धोक्यामुळे बंद केले जातात. इनिश मोरवरच्या डून एंगस किल्ल्यात तर कड्याला कठडाच नाही आणि खाली सुमारे १०० मीटर समुद्र आहे. तिथे काठ पाहायचा असेल तर पालथे पडून पाहावा. पाठीमागे सरकत फोटो काढू नये.

वाळूवरचा धोका कोकणातल्यांना सांगायला नको, तरी सांगतो. क्लिफडेनजवळच्या ओमी बेटावर ओहोटीच्या वेळी वाळूतून चालत जाता येते, आणि भरतीत तीच वाळू माणसाच्या डोक्यावर पाण्याखाली जाते. कोकणात पुळणीवर गाडी घालून जेसीबी बोलावणारे दरवर्षी असतात, इथेही आहेत. त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, ओहोटीच्या आधी तासभर निघून, पाणी फिरताच परतावे. पोहायचे असेल तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच उतरावे. कोणी अडकलेले दिसले तर स्वतः पाण्यात न जाता ११२ वर फोन करून ‘कोस्ट गार्ड’ मागावा आणि जागेचे नाव सांगावे. वाहनतळाच्या फलकावर ते लिहिलेले असते, म्हणून गाडीतून उतरतानाच त्या फलकाचा फोटो काढून ठेवावा.